शब्द कुणाचा, पान कोणते?

हरि नारायण आपटे यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीवरच्या निबंधांत एक वाक्य सहज लिहिले जाते. 'हरिभाऊ म्हणतात की' अशी त्याची सुरुवात होते आणि पुढे अवतरणचिन्हांत यमुनेचे शब्द येतात. वाक्य निरुपद्रवी दिसते, पण त्याने निबंधाचा पायाच खचतो. ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः छापली गेली, १८९३ मध्ये पुस्तक झाली आणि तिची सगळी कहाणी यमुना स्वतःच्या तोंडाने सांगते. एका पुरुष लेखकाने ब्राह्मण घरातल्या एका मुलीचा, पुढे विधवा झालेल्या बाईचा आवाज कसा उभा केला, त्या आवाजात कुठे लेखक डोकावतो आणि कुठे तो पूर्ण बाजूला होतो, हा तर या कादंबरीच्या विश्लेषणाचा गाभा. यमुनेचे वाक्य हरिभाऊंच्या नावावर टाकले की हा प्रश्न विचारायची सोयच उरत नाही.

अवतरण आणि संदर्भ यांकडे बहुतेक विद्यार्थी सादरीकरणाच्या आदल्या रात्रीचे काम म्हणून पाहतात. निबंध लिहून झाला, आता पानांचे आकडे घाला, सूची जोडा. प्रत्यक्षात 'हे शब्द कुणाचे, कुणाला उद्देशून, कुठल्या आवृत्तीतले' हे ठरवताना कृतीचे वाचनच चालू असते. ज्याला या प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत, त्याने ते पान अजून नीट वाचलेले नाही.

म्हणून पहिली सवय बोलणाऱ्याचे नाव लिहिण्याची. 'कोसला'त (१९६३) बोलतो तो पांडुरंग सांगवीकर, नेमाडे नव्हेत. विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'मध्ये (१९३९) निवेदनाचा मोठा भाग चक्रधराच्या वाट्याला येतो. आत्मकथनात तरी लेखक आणि निवेदक एकच असतील असे वाटते, पण दया पवारांच्या 'बलुतं'ने (१९७८) तीही खात्री ठेवलेली नाही. तिथे दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. एकाच माणसाची दोन नावे समोरासमोर बसतात. 'बलुतं'मधले अवतरण देताना ते यांपैकी कुणाचे, हे सांगितल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

नाटकात तर हे आणखी काटेकोरपणे पाहावे लागते. 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये काशीकर, सुखात्मे आणि इतर पात्रे बेणारेबाईंविषयी जे बोलतात ते 'तेंडुलकरांचे स्त्रीविषयक विचार' म्हणून उद्धृत केले, तर नाटक उलटे वाचल्यासारखे होते. नाटकातले अवतरण देताना पात्राचे नाव, अंक, प्रवेश असेल तर प्रवेश आणि पान, एवढे हवेच. छापील संहितेतल्या रंगसूचना मात्र कुठल्याही पात्राच्या नसतात. त्या नाटककाराच्या असतात आणि विश्लेषणाला फार उपयोगी पडतात, तरी निबंधांत त्या अभावानेच येतात. रंगसूचना उद्धृत केली असेल तर ती रंगसूचना आहे हे स्पष्ट लिहावे. कवितेतल्या 'मी'बाबत हाच नियम लागू करणे बरे. 'कवी म्हणतो'ऐवजी 'कवितेतला निवेदक म्हणतो' असे लिहिले, तर नंतर दोघांतले अंतर दाखवायला जागा राहते.

मराठी साहित्यावर लिहिणाऱ्याची खरी परीक्षा यापुढे, आवृत्तीपाशी होते. 'तुकाराम गाथा, अभंग क्रमांक अमुक' एवढाच संदर्भ दिला, तर वाचकाच्या हाती काहीच पडत नाही. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी संपादलेली, मुंबई सरकारच्या मदतीने इंदुप्रकाश छापखान्यातून निघालेली गाथा दोन भागांत, १८६९ आणि १८७३ मध्ये आली. पु. मं. लाड यांची प्रस्तावना असलेली शासकीय गाथा १९५० मधली. देहू संस्थानची गाथा वेगळी, विष्णुबुवा जोगांची सार्थ गाथा वेगळी. साडेचार हजारांहून अधिक अभंगांच्या या संग्रहात प्रत्येक संपादकाने आपला क्रम लावला आहे. एका गाथेतला क्रमांक दुसऱ्या गाथेत भलत्याच अभंगावर जाऊन पडतो. काही अभंग एकीत आहेत, दुसरीत नाहीत. अभंगाच्या शेवटी तुकोबांची नाममुद्रा आहे म्हणून तो तुकोबांचाच, असेही ठामपणे म्हणता येत नाही; प्रक्षिप्त अभंगांची चर्चा अभ्यासक दीडशे वर्षांत थांबवू शकलेले नाहीत. अशा वेळी संपादकाचे नाव, प्रकाशनवर्ष, अभंग क्रमांक आणि जमल्यास अभंगाचे पहिले चरण, एवढे दिले म्हणजे वाचक कुठलीही गाथा उघडून तो अभंग शोधू शकतो. समाजमाध्यमांवर तुकोबांच्या नावाने फिरणाऱ्या ओळींना हीच कसोटी लावावी. कुठल्या गाथेत, कितवा अभंग? उत्तर नसेल तर ती ओळ निबंधात येऊ नये.

'ज्ञानेश्वरी'ची स्थिती जरा बरी आहे. अध्याय आणि ओवी असा दुहेरी आकडा देण्याची पद्धत रूढ असल्याने मराठी भाषेच्या गोडीविषयीची प्रसिद्ध ओवी ६.१४ या आकड्यावर बहुतेकांना सापडते. तरी तिथेही पाठभेद आहेतच. शके १२१२ मध्ये पूर्ण झालेल्या या ग्रंथाचे शुद्धीकरण एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली केले. पुढे वि. का. राजवाडे यांनी आपल्याला मिळालेली पोथी एकनाथांच्या आधीची आहे असे मानून १९०९ मध्ये ती छापली. भाषेच्या रूपांवर बोलणाऱ्या निबंधाने राजवाडे प्रत वापरली की एकनाथपरंपरेतली, यावर निष्कर्ष बदलू शकतो. 'लीळाचरित्रा'त आणखी एक गुंता आहे. एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध असे भाग आणि ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे, वि. भि. कोलते यांसारखे वेगवेगळे संपादक. लीळेचा नुसता क्रमांक पुरत नाही, संपादक आणि भाग दोन्ही लागतात.

जुन्या ग्रंथांबाबत एक गोष्ट फार थोड्या ठिकाणी शिकवली जाते. छापील 'ज्ञानेश्वरी'त दिसणारे प्रश्नचिन्ह, स्वल्पविराम, उद्गारचिन्ह ज्ञानदेवांचे नाही. पोथीत अक्षरे सलग चालतात, शब्दही तोडलेले नसतात. आज आपण वापरतो ती विरामचिन्हे इंग्रजी अमदानीत आली. मेजर टॉमस कँडी यांची 'विरामचिन्हांची परिभाषा' १८५० ची आहे. त्यामुळे एखाद्या ओवीतल्या उद्गारचिन्हावरून भावनेची तीव्रता सिद्ध करू पाहणारा परिच्छेद संपादकाचे विश्लेषण करत असतो. अवतरणात चिन्हे मुद्रित प्रतीप्रमाणेच ठेवावीत, पण त्यांच्यावर अर्थाचा भार टाकू नये.

शब्दांच्या रूपांबाबत मात्र तडजोड नको. शासनमान्य शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे आहेत आणि त्यांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या पुस्तकांत ते जागोजाग आहेत. 'करमणूक'च्या काळातले गद्य उद्धृत करताना ते अनुस्वार गाळायचे की ठेवायचे? मूळ मुद्रणातून घेत असाल तर ठेवायचे. आधुनिक आवृत्तीतून घेत असाल तर त्या आवृत्तीत आहे तसे घ्यायचे आणि सूचीत त्या आवृत्तीचेच वर्ष लिहायचे. पुस्तक नवे आणि वर्ष १८९३ चे, असा संकर करू नये.

बहिणाबाई चौधरींच्या बाबतीत तर हा प्रश्न न्यायाचाच होतो. त्यांची गाणी सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी लिहून घेतली. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. खानदेशातली त्यांची बोली प्रमाण मराठीत 'सुधारून' उद्धृत करणारे निबंध आजही लिहिले जातात. कधी टंकणाऱ्याची सवय आड येते, कधी फोनमधली शब्दसूचना आपोआप रूप बदलते. ज्या कवितेचा जीव तिच्या ध्वनीत आहे, तिचा ध्वनी बदलल्यावर उरलेल्या विश्लेषणाला अर्थ काय? प्रत्येक अवतरण टंकून झाल्यावर पुस्तक शेजारी उघडे ठेवून अक्षरन् अक्षर ताडून पाहावे. ही दहा मिनिटे कुठेही वाचवू नयेत. मुळातच मुद्रणदोष असेल तर तो तसाच ठेवून चौकोनी कंसात 'मुळाबरहुकूम' असे लिहावे, म्हणजे चूक कुणाची ते कळते.

आता अवतरण निबंधात बसवायचे कसे, याकडे. नेहमी आढळणारा नमुना असा: 'यमुनेवर फार अन्याय झाला', मग सहा ओळींचे अवतरण, मग 'यावरून यमुनेवर अन्याय झाला हे दिसून येते'. इथे अवतरणाने काम काहीच केलेले नाही. तीच गोष्ट तीनदा सांगितली गेली. यमुनेच्या केशवपनाच्या प्रसंगावर लिहिताना जर दावा असा असेल की ती जेवढी स्वतःविषयी सांगते त्याहून जास्त भोवतालच्या माणसांविषयी सांगते, तर सहा ओळी लागत नाहीत. त्या परिच्छेदातली दोन-तीन क्रियापदे पुरतात. ती अभ्यासकाच्या स्वतःच्या वाक्यात विणावीत, त्यांचा कर्ता कोण आहे ते दाखवावे आणि त्या कर्त्यामुळे प्रसंगाचा अर्थ कसा वळतो ते पुढच्या चार वाक्यांत उलगडावे. अवतरणापेक्षा त्यावरचे भाष्य लांब असले म्हणजे साधारणपणे वाट बरोबर आहे असे समजावे. उलट दिसले, तर अवतरण छाटावे.

अवतरणाआधी प्रसंग सांगावा: कुणी, केव्हा, कुणापुढे. परिच्छेदाची सुरुवात थेट अवतरणाने आणि शेवटही अवतरणानेच, हे टाळावे. पहिले आणि शेवटचे वाक्य अभ्यासकाचे असू द्यावे. लांब अवतरण खरोखरच हवे असेल, म्हणजे लयीवर, वाक्यरचनेवर किंवा संवादाच्या चढउतारावर बोलायचे असेल, तर ते वेगळे काढावे. एमएलए या संदर्भपद्धतीत गद्याच्या चारपेक्षा जास्त आणि कवितेच्या तीनपेक्षा जास्त ओळी असतील तर त्या समास आत घेऊन स्वतंत्र छापतात आणि मग अवतरणचिन्हे देत नाहीत. त्याहून कमी ओळी वाक्यातच येतात आणि कवितेच्या दोन ओळींमध्ये तिरपी रेघ देतात. ओवी किंवा अभंग तोडायची वेळ आली तर चरणाच्या शेवटी तोडावा, मध्ये नव्हे. मराठी छपाईत दुहेरी चिन्ह शब्दशः अवतरणाला आणि एकेरी चिन्ह अवतरणातल्या अवतरणाला किंवा ग्रंथनामाला वापरण्याची पद्धत आहे. ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकसारखी पाळावी.

मधला मजकूर गाळला तर तीन टिंबे, स्वतःचा शब्द घातला तर चौकोनी कंस, एखादा शब्द ठळक केला तर 'ठसा माझा' असा उल्लेख. नियम एवढेच. सावधगिरी मात्र टिंबांबाबत हवी. मराठी वाक्यात नकार बहुधा शेवटी येतो. वाक्याचे शेपूट गाळले की नकारही गळतो आणि लेखक त्याने कधीच न मांडलेल्या मताचा धनी होतो. 'पण', 'तरी', 'असे काहींना वाटते' हे शब्द गाळतानाही तोच धोका.

समीक्षकांची मते घेताना सर्वांत मोठी गफलत पुस्तकाच्या मुखपृष्ठामुळे होते. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ची (१९७२) प्रस्तावना विजय तेंडुलकरांची आहे. प्रस्तावनेतले वाक्य 'ढसाळ, गोलपिठा' असा संदर्भ देऊन छापले तर तेंडुलकरांचे निरीक्षण कवीच्या तोंडी जाते. प्रस्तावनाकाराचे नाव आधी, मग 'प्रस्तावना', मग ग्रंथ आणि कवी, असा क्रम हवा. 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' उद्धृत करताना शब्द फुल्यांचे, पण टिपा आणि प्रस्तावना संपादकांच्या. धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांची आवृत्ती आणि य. दि. फडके यांची नंतरची आवृत्ती यांची पानेही जुळतीलच असे नाही. 'मराठी विश्वकोशा'तल्या नोंदींखाली लेखकाचे नाव असते. 'विश्वकोशानुसार' असे लिहून त्या माणसाला नाहीसे करू नये.

आणि जे वाचलेच नाही त्याचे काय? मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराविषयीचे वाक्य रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) सापडले आणि मर्ढेकरांचा मूळ लेख हाती आला नाही, तर संदर्भ पाटणकरांचा द्यावा आणि 'मर्ढेकर, पाटणकर यांच्या ग्रंथात उद्धृत' असे सांगावे. मूळ पुस्तकाचे पान दुसऱ्याच्या तळटिपेतून उचलून आपल्या सूचीत घालणे ही सरळसरळ फसवणूक आहे. गाईडमधून घेतलेल्या अवतरणांतून ती हमखास घडते, कारण गाईडमध्ये चुकलेले पान वर्षानुवर्षे तसेच चुकलेले पुढे जात राहते. संगणकाच्या संभाषक प्रणालींनी तर अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांचे संदर्भही छान मांडून द्यायला सुरुवात केली आहे. सूचीतली प्रत्येक नोंद स्वतः हाताळलेल्या पुस्तकाची किंवा डोळ्यांनी पाहिलेल्या पानाची असावी.

शब्द बदलून लिहिले की संदर्भाची गरज संपते, हा गैरसमज खोलवर रुजलेला आहे. केशवसुत १९०५ मध्ये वारले आणि त्यांच्या कवितांचा संग्रह हरिभाऊ आपट्यांनी १९१७ मध्ये काढला, हे सांगायला संदर्भ लागत नाही. ते कुठेही मिळते. पण केशवसुतांच्या एखाद्या कवितेचा विशिष्ट अर्थ कुणा समीक्षकाने लावला असेल आणि अभ्यासकाने तो आपल्या भाषेत मांडला असेल, तर श्रेय त्या समीक्षकाचेच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी वाङ्मयचौर्याच्या पायऱ्या ठरवल्या आहेत. प्रबंधात साधर्म्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, १० ते ४० टक्के असेल तर दुरुस्त प्रत सहा महिन्यांच्या आत द्यावी लागते, ४० ते ६० टक्के असेल तर एक वर्ष दुरुस्त प्रत सादर करता येत नाही आणि ६० टक्क्यांवर नोंदणीच रद्द होते. योग्य श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळतात. म्हणजे अवतरणचिन्हे आणि कंसातले पान विद्यार्थ्याच्याच बाजूने उभे राहतात.

पद्धत कुठली घ्यावी? इंग्रजी विभागांत एमएलए चालते. तिची नववी आवृत्ती २०२१ ची असून मजकुरात कंसात आडनाव आणि पान, शेवटी सूची, असा तिचा साचा आहे. मराठी विभागांत तळटिपा किंवा प्रकरणाअखेरच्या टिपा अजून प्रिय आहेत आणि लागोपाठ तोच ग्रंथ आला की 'तत्रैव' लिहितात. 'तत्रैव' अगदी शेवटचा हात फिरवताना घालावे. मसुदा चालू असताना मध्ये एक नवी टीप घुसली, तर खालची सगळी 'तत्रैव' भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवू लागतात. सूचीतली नोंद 'पवार, दया, बलुतं, ग्रंथाली, मुंबई, १९७८' अशी असते. हाती नंतरचे पुनर्मुद्रण असेल तर त्याचे वर्ष पहिल्या आवृत्तीच्या वर्षासोबत द्यावे, कारण पाने त्या पुनर्मुद्रणाची आहेत. टोपणनावे एकदाच ठरवावीत. शिरवाडकरांनी कविता कुसुमाग्रज या नावाने छापल्या आणि नाटके वि. वा. शिरवाडकर या नावाने, तेव्हा सूचीतही नावे तशीच ठेवून एकीकडून दुसरीकडे 'पाहा' अशी खूण करावी.

अनुवादाच्या वाटेने मराठी साहित्याकडे येणारे अभ्यासक आता पुष्कळ आहेत, परदेशी विद्यापीठांत शिकणारी मराठी मुलेही त्यांत आली. दिलीप चित्रे यांच्या 'सेज तुका'मधली (१९९१) इंग्रजी ओळ उद्धृत करताना तुकोबांइतकेच चित्र्यांचे नाव आवश्यक आहे, कारण इंग्रजी शब्दांची निवड चित्र्यांची आहे. तिच्या शब्दयोजनेवर भाष्य करायचे असेल तर मूळ अभंगही शेजारी द्यावा. अनुवाद स्वतः केला असेल तर 'अनुवाद माझा' हे लिहावे. अरुण कोलटकरांची 'जेजुरी' १९७६ मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपाने आली आणि मराठी 'जेजुरी' त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. नुसते 'जेजुरी' लिहिणाऱ्याने त्यांपैकी कुठल्या पुस्तकाविषयी बोलतो आहोत ते पहिल्याच उल्लेखात सांगावे.

वर्गातल्या निबंधासाठी ओळी उद्धृत करायला परवानगी लागत नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या ५२ व्या कलमात समीक्षेसाठीच्या वाजवी वापराला मोकळीक आहे. निबंधाचे पुस्तक व्हायचे असेल आणि त्यात पूर्ण कविता छापायची असेल, तर गणित बदलते. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतात. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, त्यामुळे त्यांनी हयातीत छापलेल्या कविता २०१७ पासून मुक्त आहेत. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, त्यांच्या कवितेसाठी २०५९ संपेपर्यंत परवानगी मागावी लागेल.

जात्यावरच्या ओव्यांवर लिहिणाऱ्याला यांतले काहीच थेट लागू पडत नाही. छापील पान नाही, लेखकाचे नाव मुखपृष्ठावर नाही. म्हणून त्या 'लोकसाहित्य' या एका शब्दाखाली निनावी उद्धृत होत आल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्राच्या गावोगावी गोळा करवून घेतलेल्या आणि आता 'पारी' या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळाच्या संग्रहात असलेल्या लाखावर ओव्यांनी हे कारण उरू दिलेले नाही. तिथे गाणाऱ्या बाईचे नाव, गाव आणि तालुका यांची नोंद ठेवलेली आहे. निबंधातल्या संदर्भात तिचे नाव आडनावासह पहिल्या जागी लिहावे, मग गाव, तालुका, ध्वनिमुद्रणाची तारीख असल्यास ती, आणि संग्राहकांची नावे त्यानंतर. स्वतः गावात जाऊन ओव्या ऐकल्या असतील तर नाव छापायला चालेल का, हे त्या बाईला आधी विचारावे, आणि ती जशी म्हणाली तशीच ओवी, तिच्याच उच्चारात, वहीत उतरवावी.